सदतिसावा प्रश्न

"पण अ जातो कुठे?" आत्यानं विचारलं.

"कोण अ?"

"हा काय. अ आणि ब मिळून काम सुरू करतात, तीन दिवसांनी अ काम सोडून जातो. मागच्या पानावरही गेला होता."

"आत्या, तो जातो म्हणून तर गणित होतं. राहिला असता तर कुणी विचारलं नसतं."

"आणि ब बिचारा एकटा राबतो. त्याला कुणी विचारतं?"

"विचारतात ना. अजून किती दिवस लागतील, असं विचारतात."

ती हसली नाही. पेन्सिलीला टोक केलं आणि उत्तर काढलं. बरोबर होतं. तिची उत्तरं बरोबरच यायची, फक्त प्रत्येकाला साडेचार मिनिटं लागायची. परीक्षेत प्रश्न शंभर आणि मिनिटं नव्वद. या वेगानं आत्याचा पेपर साडेसात तासांनी संपला असता. तोवर पर्यवेक्षकांची मुलंबाळं त्यांना शोधत आली असती.

परीक्षा होती सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाची. आत गेलं की दोन वर्षं शिक्षण, मग कायमची नोकरी. वयाची अट पस्तीस. मी बावीस वर्षांचा होतो आणि एकदा नापास होऊन अनुभवी झालो होतो. आत्या चौतीस वर्षं नऊ महिन्यांची होती. तिला ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

मी तिचा मास्तर होतो. घरात दुसरं कुणी नापास झालेलं नव्हतं.

रोज पहाटे पाच ते साडेसात आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. साडेसातला ती डबा भरायची आणि शर्टांच्या कारखान्यात जायची. तिथे ती सोळा वर्षं शेवटच्या टेबलावर होती. शिवून आलेला शर्ट तिच्यासमोर यायचा. ती कॉलर, काज, बगलेची शिवण बोटांनी चाचपायची, आणि कुठे टाका सुटलेला असला की तिथे लाल बाणाचं स्टिकर लावून शर्ट परत पाठवायची. दिवसाला सहाशे शर्ट. त्यातच कधीतरी तिनं बाहेरून बी.ए. केलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाबांनी तिची पदवी पाहिली तेव्हा "ही कुणाची?" असं विचारलं होतं.

बाबा बस चालवायचे. पहाटेच्या पाळीला निघताना आमच्याकडे बघून म्हणायचे, "चालू द्या. एक घोडनवरी आणि एक उंटावरचा शहाणा."

"दादा, तुझी बस चुकेल," आत्या वर न बघता म्हणायची.

"माझी कशी चुकेल? मीच चालवतो ना."

तर वेग वाढवायचा होता. आत्या उत्तर काढायची, मग उलट बाजूनं पडताळायची, मग पर्याय बघायची. पडताळणं म्हणजे तिच्या हाताचा रोग होता. मी वैतागलो होतो आणि मला झोपही आली होती. अशा वेळी माणूस फार ठामपणे बोलतो.

"आत्या, एक नियम लिहून ठेव," मी म्हणालो. "उत्तर त्या चारांत असतंच. आपलं उत्तर त्यात सापडलं की खूण करायची आणि पुढे जायचं. नाही सापडलं तर आपलं चुकलं."

"छापणाऱ्याचं चुकत नाही कधी?"

"छापणारे शर्ट शिवत नाहीत."

तिनं वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

नियमानं चमत्कार केला. दोन महिन्यांत आत्या एका प्रश्नाला पन्नास सेकंदांवर आली. सराव परीक्षेत तिला एकाहत्तर, मला छप्पन्न. मागच्या वर्षी बासष्टला प्रवेश बंद झाला होता. बाबांनी 'घोडनवरी' म्हणणं सोडलं. एकदा तर कुणी ऐकत नाही असं बघून तिला विचारलं, "तिकडे राहायची सोय काय असते गं?"

परीक्षेला आम्ही एकाच खोलीत होतो. मी तिच्या मागे, दोन बाकं सोडून.

सदतिसावा प्रश्न असा होता. एक काम अ बारा दिवसांत करतो आणि ब पंधरा दिवसांत. दोघे मिळून चार दिवस काम करतात, मग अ काम सोडून जातो. उरलेलं काम ब किती दिवसांत करील? पर्याय: पाच, सात, आठ, नऊ.

मी 'सात' केलं. सात मला आवडतो. मग मान वर केली तर आत्याचं पेन्सिल धरलेल्या हाताचं कोपर थांबलं होतं. मी पुढचे चार प्रश्न केले. कोपर पुन्हा हललं, पण पान उलटलं गेलं नाही. मी पन्नासाव्यावर गेलो, साठाव्यावर गेलो. आत्याचं पान तेच. तिनं मानेवरचा घाम पदरानं पुसला. मला ओरडायचं होतं, पण ओरडणाऱ्याला बाहेर काढतात, आणि मला अजून चाळीस प्रश्न चुकवायचे होते.

घंटा झाली तेव्हा मी शेवटच्या नऊ प्रश्नांना डोळे मिटून 'क' केलं होतं. आत्या एक्क्याऐंशीव्या प्रश्नावर होती.

बाहेर नळावर तिनं तोंड धुतलं.

"सदतीसला काय आलं तुझं?" तिनं विचारलं.

"सात."

"कसं?"

"सहज."

तिनं ओल्या हातानं पिशवीतून कच्च्या कामाचा कागद काढला. त्यावर साठ बारीक चौकोन होते, सहा रांगांत. छत्तीस खोडलेले. चोवीस उरलेले, चार-चारांचे सहा गट केलेले.

"माझे सहाच येतात," ती म्हणाली. "लसावि काढून सहा. अपूर्णांकानं सहा. मग हे असं मोजलं, तरी सहा. बावीस मिनिटं गेली."

"अगं, मग सोडून द्यायचं. पेपरच चुकीचा असणार."

"तूच म्हणालास ना, उत्तर त्यात असतंच." तिनं कागदाची घडी घातली. "मी माझी चूक शोधत होते."

सोळा वर्षं रोज सहाशे शर्टांतली दुसऱ्यांची चूक शोधणारी बाई. मी नळाखाली हात धरला आणि ते बराच वेळ धुतले. हात तेवढे स्वच्छ झाले, एवढंच म्हणता येईल.

तीन आठवड्यांनी उत्तरं जाहीर झाली. खाली टीप होती: प्रश्न क्रमांक सदतीसचे सर्व पर्याय चुकीचे असल्यानं तो रद्द करण्यात येत आहे. सर्व उमेदवारांना त्याचा एक गुण देण्यात येईल.

बाबांनी टीप दोनदा वाचली. "म्हणजे तू बरोबर होतीस."

"हो."

"आणि गुण?"

"सगळ्यांना एकेक."

"ह्याला पण?"

"मला पण," मी म्हणालो.

बाबा खुर्चीत बसले. "लाल दिवा होता, तू थांबलीस," ते हळूच म्हणाले, "आणि जे घुसले ते पोचले."

निकाल त्रेसष्टला थांबला. मला चौसष्ट. आत्याला एकसष्ट, तो दान मिळालेला एक गुण धरून. शेवटचे एकोणीस तिनं कोरे सोडले होते. नुसतं 'क क क' केलं असतं तरी चार-पाच लागले असते. हे मी तिला सांगितलं नाही. तिला गणित येत होतं.

"तुझी बॅग माळ्यावर आहे, तिची साखळी अडकते," ती म्हणाली. "मेण लावून देते."

"आत्या, तो नियम मी..."

"नियम चांगलाच होता. एकाहत्तर आले होते मला." आणि मग बाबांकडे वळून, "दादा, राहायची सोय असते म्हणे तिकडे. चौकशी केलीस ना तू? सांग ह्याला."

तिचा वाढदिवस मधल्या एका बुधवारी येऊन गेला. पस्तीस.

जायच्या आदल्या दिवशी मला पाचलाच जाग आली. स्वयंपाकघरातला दिवा लागला होता. आत्या टेबलाशी बसली होती, डबा भरून, केस विंचरून. टेबल पुसलेलं होतं. त्यावर काही नव्हतं.

"तू का उठलास?" ती म्हणाली. "झोप की."

"तू?"

"मला जाग येते."

मी समोर बसलो. हवेबद्दल बोललो. हवा बरी होती. सहा वाजता ती म्हणाली, "मी निघते. आज जरा काम आहे." पर्स घेतली आणि गेली.

कारखान्याचं फाटक आठला उघडतं. सव्वासहाला मी दूध आणायच्या निमित्तानं त्या रस्त्यानं गेलो. फाटकाला साखळी होती. पहारेकरीही आला नव्हता. बायका जिथे ओळीनं उभ्या राहतात, तिथे आत्या दोन्ही हातांत डबा धरून ताठ उभी होती. रांगेत ती पहिली होती. मागे कुणी नव्हतं.