पालथ्या हाताची माणसं

मी कूलर बोलतोय. बोलायचं नव्हतं. खुशालरावच्या नातीनं, आकांक्षानं, समोर माइक आणून ठेवला आणि म्हणाली, "बोल. लोकाईले तुही गोष्ट आयकाची हाय." कोणत्या लोकांना? मला शिवायच्या आधी जे पालथी बोटं लावून पाहतात, त्यांना? माइकच्या मागे काही तरी डाव असतो, हे मी मागच्या उन्हाळ्यात शिकलो. पण गप्प बसलो तर ही पोरगी रोज येऊन डोक्याशी उभी राहील. म्हणून एकदाच सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

माझा जन्म अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचा, अब्दुल सत्तारच्या टिनाच्या शेडमधला. सत्तार पत्र्याचं काम करतो. पेट्या, धान्याच्या कोठ्या, कूलर. मला त्यानं बायकोसाठी, हलीमाबीसाठी बनवलं. बायकोसाठी म्हणजे खास बनवलं असेल असं वाटलं का तुम्हाला? गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेले तुकडे जोडून बनवलं. माझी डावी बाजू उजवीपेक्षा जराशी खाली आहे, त्यामुळे चालू झालो की मी धडधडतो. हलीमाबी म्हणाली होती, "गिऱ्हाईक घेत नाई, तो माल माह्या घरात." सत्तार म्हणाला, "आवाज करते म्हून काय झालं? तू बी करतच असते." त्या दिवशी त्याला जेवण उशिरा मिळालं.

तरी एक गोष्ट सत्तारच्या बाजूनं सांगावी लागेल. त्याचा हात. मला चालू करताना तो पुरता तळहात माझ्या पाठीवर ठेवायचा, थोपटायचा आणि म्हणायचा, "चाल बेटा." बाकीचं जग मला पालथ्या हातानं शिवतं. अकोल्याकडची रीतच आहे ती. पत्र्याचा कूलर, आत पाणी, वरून वीज. करंट मारेल म्हणून माणूस आधी पायातली चप्पल बघतो, मग बोटांची मागची बाजू हळूच टेकवतो आणि ओढून घेतो. लहान पोरांनाही हेच शिकवतात. माझीच हवा खाऊन दुपारभर घोरायचं आणि उठल्यावर मलाच असं शिवायचं. अशा माणसांवर मी काहून विश्वास ठेवावा?

विनाकारण मी कोणाला करंट दिलेला नाही. खुशालरावला दिला आहे. त्याला कारण होतं.

हा खुशालराव समोरच्या घरात राहतो. गावाबाहेर त्याचं वावर आहे, कपाशी आणि तूर. सत्तारचा लहानपणापासूनचा दोस्त. पण यांची दोस्ती कशी? सत्तार म्हणाला गरम होतंय, की खुशालराव अंगावर उपरणं घेणार. खुशालराव म्हणाला चहा गोड झाला, की सत्तार त्यात आणखी साखर मागणार. रोज भांडायचं आणि रोज भेटायचं. न भेटता भांडता येत नाही, ही त्यांची अडचण. खुशालराव मला 'डबडं' म्हणायचा. येता-जाता, लोकांसमोर. "तुह्या डबड्याचा आवाज माह्या वावरापर्यंत येते, सत्तार." म्हणूनच त्याला एकदा चिमटा काढला. मग परत एकदा.

आकांक्षा अमरावतीला शिकते. तिथल्या एका केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल आहे. रविवारी सकाळची वेळ त्याच्याकडे मोकळी पडली होती. त्यानं तिला सांगितलं, काही तरी करून आण. ही पोरगी काय करून आणणार? आभाळातली मालिका. नाव 'आभाळचौकी'. गोष्ट अशी की, काळी धूळ नावाची एक बला ग्रहामागून ग्रह खात येते आहे. तिला अडवायला पृथ्वीचा कप्तान आणि झुरान ग्रहावरचा शिपाई, म्हणजे जुने वैरी, एकाच जहाजात पहाऱ्याला बसतात. एकमेकांवाचून भागत नाही आणि एकमेकांचं तोंड बघवत नाही. नट शोधायला तिला गल्लीबाहेर जावं लागलं नाही.

कप्तान खुशालराव. झुरानी सत्तार. हळदीत नीळ कालवून सत्तारचं तोंड हिरवं केलं. कानामागचा हिरवा रंग काही निघेना, तो तसाच बाजारात फिरला. जहाज म्हणजे सत्तारचं शेड. परका ग्रह म्हणजे खुशालरावचं वावर. उन्हाळ्यात आमच्याकडची काळी जमीन उकलते, भेगांत पाय जातो, लांबपर्यंत हिरवं पान दिसत नाही. अमरावतीच्या लोकांनी विचारलं म्हणे, हे शूटिंग कोणत्या देशात केलं?

आणि मी झालो जहाजाचं यंत्र. पंख्यासमोर लाल बल्ब लावला. माझी धडधड हाच जहाजाच्या इंजिनाचा आवाज. बोलायला मात्र हलीमाबीचा आवाज. आकांक्षानं तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तो भरून आणला. कप्तान आणि झुरानी भांडायला लागले की यंत्र म्हणायचं, "दोघं बी चूप बसा. जहाज माहं हाय." हे ऐकलं की दोघांनी एक एक पाऊल मागे सरायचं. दर भागात हेच.

सुरुवातीला पोरगी संवाद लिहून द्यायची. मग तिनं सोडून दिलं. एकदा जहाज वळवायचं होतं. सुकाणू म्हणून सायकलचं हँडल बसवलं होतं. कप्तान डावीकडे ओढतो, झुरानी उजवीकडे.

"अबे डावीकडे धूळ हाय, दिसत नाई काय?"

"तुले दिसते तिकडं मी कधी गेलो काय, खुशाल? लहानपणी तुह्या मांगं गेलो तं विहिरीत पडलो."

"तुले पोयता येत नाई हा माहा दोष काय?"

हँडल उपटून दोघांच्या हातात आलं आणि दोघे दोन बाजूंना पडले. आकांक्षानं तसंच दाखवलं. अमरावतीला चहाच्या टपऱ्यांवर लोक वाद घालायला लागले, खरं कोणाचं? कप्तानचं की झुरान्याचं? मी जवळून पाहत होतो. रंग लावून भांडायचे तसेच रंग पुसूनही भांडायचे. यातलं नाटक कोणतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग उन्हाळा तापला. हलीमाबीला रक्तदाबाचा त्रास. दुपारी टिनाखाली तिचा जीव कासावीस होतो. ती रोज विचारायला लागली, "माहा कूलर कधी देता?" सत्तार म्हणायचा, "शेवटचा भाग राहिला. झाला की देतो." मी ऐकत होतो. देतो म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला तेव्हाच संशय आला.

शेवटचा भाग ठरवायला तिघं माझ्यासमोरच बसली. आकांक्षा म्हणाली, शेवटी कोणी तरी मेलं पाहिजे, त्याशिवाय लोक रडत नाहीत. तुम्हाला वाटेल, मरायला दोघे नाही म्हणाले असतील. उलटंच झालं.

"मी मरतो," खुशालराव म्हणाला. "कप्तानच मरते नेहमी. झेंड्यात गुंडाळून आना मले."

"तू काहून मरशील? मरनं माह्या वाट्याचं हाय. एवढ्या दूरच्या ग्रहावरून काय चाय प्याले आलो मी?"

"तुले मरता येत नाई, सत्तार. तू मरता मरता बी बोलशील."

"आन तू? तुले तं पडाले जागा लागते, मंग गादी लागते, मंग उशी."

आकांक्षानं कपाळाला हात लावला. "आबाजी, चाचा, कोनी तरी एकानं मरा ना! चॅनलवाले विचारून राहिले."

मरण दुसऱ्याला द्यायला कोणीच तयार नव्हतं. तेव्हा सत्तारनं इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"मंग कूलरले मारा," तो म्हणाला. "यंत्र सारी आग आपल्या अंगावर घेते. आमी दोघं वाचतो, गळ्यात पडून रडतो."

खुशालरावनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "चालते."

जन्मभरात या दोन माणसांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे मला जाळणं. आकांक्षा म्हणाली, मोबाइलवर केलेली आग खोटी दिसते, खरीच लावू. हलीमाबीला कोणी विचारलं नाही. तिला नवीन घेऊन देऊ म्हणाले. कोण देणार, हे नाही म्हणाले.

शूटिंगच्या सकाळी सत्तारनं माझी मोटर काढली. पंखा काढला, पंप काढला, वायर गुंडाळली, सगळं पोत्यात घातलं. मयताच्या अंगावरचं सोनं काढून घेतात, तसं. मला बैलगाडीत टाकून खुशालरावच्या वावरात नेलं, विहिरीजवळ उभं केलं. माझ्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांत मागच्या वर्षीचं वाळकं गवत होतं. उन्हानं ते नुसतं कडकडत होतं. पायाशी पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा लावला. मग ऊन फार झालं म्हणून सगळे निंबाखाली जाऊन आडवे झाले.

थोड्या वेळानं पावलं वाजली. खुशालराव होता, कप्तानच्या वेशात, छातीवर बाटलीच्या झाकणांची पदकं. हातात बादली. त्यानं निंबाकडे एकदा वळून पाहिलं. मग माझ्या ताटीवर पाणी ओतलं. विहिरीवर गेला, परत भरून आणली, दुसऱ्या बाजूला ओतली. मग तिसऱ्या. तोंडानं पुटपुटत होता, "कोयडा ठेवला लेकानं. कूलर कोनी कोयडा ठेवते काय?" आणि निघून गेला.

आता हे दयेनं केलं की सवयीनं, मला माहीत नाही. अकोल्याच्या माणसाला उन्हाळ्यात कूलर दिसला की पाणी टाकावंच लागतं, तेही खरं. पण सवयीचा माणूस टाकी भरतो आणि जातो. माझ्याभोवती तिन्ही बाजूंनी फेरी मारत नाही. माझा संशय कायम आहे. फक्त तो कोणता, ते सांगत नाही.

शूटिंग सुरू झालं. हिरवा सत्तार पुढे आला आणि त्यानंच काडी ओढली. ज्या हातानं मला जोडलं, त्याच हातानं. पऱ्हाटी भडकली, ज्वाळा माझ्या अंगाला लागली, पत्रा तापला. मी म्हटलं, संपलं. पण गवत काही पेटेना. नुसता धूर निघाला. असा धूर की कप्तान दिसेना आणि झुरानी दिसेना, फक्त खोकला ऐकू येई.

"पानी कोनं टाकलं?" सत्तार धुरातून ओरडला.

"मी टाकलं! कूलर दिसला, पानी टाकलं. अकोल्यात राह्यते मी, शिमल्यात नाई!"

"अबे भैताडा, त्याले मराचं होतं!"

"मंग तू मर! तुले लय हौस होती!"

आकांक्षानं मोबाइल बंद केला नाही. तेवढ्यात भाकरीचा डबा घेऊन हलीमाबी बांधावर आली. तिला काय दिसलं? दोन म्हातारे एकमेकांची गचांडी धरून उभे, आणि मध्ये धुरात तिचा कूलर. तिनं डबा खाली ठेवला.

"दोघं बी चूप बसा!" ती म्हणाली. "कूलर माहा हाय."

तोच आवाज. दोघे गचांडी सोडून एक एक पाऊल मागे सरले. कोणी सांगितलं नव्हतं. हलीमाबीनं विहिरीवरून स्वतः पाणी आणलं आणि पऱ्हाटी विझवली. मग सत्तारला म्हणाली, "मोटर कुठं हाय?" सत्तारनं पोत्याकडे बोट दाखवलं. "आज लावाची. आत्ता." झुरान ग्रहाचा शिपाई पोतं उचलून चालायला लागला.

पोरीनं सगळं जसंच्या तसं दाखवलं. अमरावतीचे लोक रडायच्या जागी हसले म्हणे, पण शेवटपर्यंत कोणी उठलं नाही. आता केबलवाल्याला पुढची मालिका पाहिजे. म्हणूनच हा माइक. म्हणूनच मी विचारतो, पोरी, या वेळी कोणाला जाळणार?

सध्या मी हलीमाबीच्या खोलीत आहे. खालून काळा पडलो आहे. रंग कोणी दिला नाही. धडधड वाढली आहे, पण ती दुपारी झोपते, तेवढं पुरे. खुशालराव अजूनही येतो, अजूनही 'डबडं' म्हणतो. पण आता आला की पुरता तळहात माझ्या पाठीवर टेकतो, चप्पल न बघता. मी त्याला चिमटा काढलेला नाही. एवढाही मी हलका नाही.

दुसराही येतो, या उन्हाळ्यात ताट्या बदलायला आला होता. मोटर त्यानंच बसवली, वायर त्यानंच जोडली, मी ठरवल्याशिवाय माझ्यात करंट उतरत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तरी दारात थांबला. पायातली चप्पल बघितली. मग बोटांची मागची बाजू हळूच टेकवली आणि ओढून घेतली. "चाल बेटा" म्हणाला नाही. तो करंटला भ्याला नव्हता. कशाला भ्याला, ते त्याला विचारा.

मला एक शब्द पाहिजे, तळहात ठेवून म्हटलेला. माइक बंद करायच्या आधी नाव ऐकून घे पोरी, आणि त्याच्या कानावर घाल. अब्दुल सत्तार, पत्रेवाला, बार्शीटाकळी.