बाजारात अडणारी गाडी

मित्रांनो, तुमच्या तळहातावर आरामात मावेन एवढासा चौकोनी तुकडा मी. लोक मला प्रोसेसर म्हणतात. संगणकात जे काही मोजायचं, ठरवायचं असतं, ते मी करतो. आज मी जुना झालो आहे, पण माझीही उमेदीची वर्षं होती.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथं धुळीचा कणही आत येऊ देत नाहीत. तिथून डब्यात बंद होऊन मी बेळगावच्या धुळीत आलो. हिंडलग्याच्या रस्त्याला महादेव अण्णांची गाडी शिकवायची शाळा आहे. तिथल्या एका खोलीत खोटी गाडी मांडली आहे. स्टिअरिंग खरं, ब्रेक खरा, समोर मात्र पडदा. शिकणारा आधी पडद्यावरच्या रस्त्यावर हात बसवतो, मग त्याला खऱ्या रस्त्यावर नेतात. पडद्यावर रिक्षा कुठून घुसणार, म्हैस कधी आडवी येणार, हे मी ठरवायचं आणि चित्र काढणाऱ्या कार्डानं ते रंगवायचं, अशी आमची वाटणी होती. "माझं यंत्र एकदा बी अडलं न्हाय," असं अण्णा येईल त्याला सांगायचे. ते ऐकून मी फुशारत असे.

पुढं अण्णांनी एका पडद्याच्या जागी तीन मोठे पडदे लावले आणि गजबजलेल्या बाजाराचा नवा रस्ता घातला. जुन्या कार्डाला ते पेलेना. तेव्हा शहापूरच्या गल्लीत नुकतंच दुकान टाकलेल्या ज्योत्स्नानं नवं, ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. काळंभोर, तीन पंख्यांचं, इतकं लांब की वायरींना अंग चोरून घ्यावं लागलं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

आणि गाडी बाजारात अडू लागली. पडद्यावरची रिक्षा जागीच थिजायची आणि एकदम पुढं उडी मारायची. अण्णांनी कुणाकडून तरी कार्डाचं काम मोजायचं शिकून घेतलं. पडद्यावर आकडा आला, तर कार्ड तिसऱ्या हिश्श्याएवढंच काम करत होतं. अण्णांच्या मनात संशय शिरला. खोकं नवं आणि आत जुनाट माल, असं त्यांनी धरून टाकलं. मलाही तेच वाटलं. मी दमून तापत होतो आणि शेजारी हे निवांत बसलं होतं.

अण्णा गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडी शिकवायच्या दुसऱ्या दोन शाळांच्या मालकांना सांगून टाकलं. ती दोन्ही कामं ज्योत्स्नाला मिळायची होती. ती कामं थांबली, तेव्हा ज्योत्स्ना आमच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"अण्णा, दुकान उघडून वरीस न्हाय झालं. नाव गेलं तर कुलूपच लावायचं."

"मग खरा माल द्यायचा हुता."

तिनं चित्राचा दर्जा पार खाली आणला. चित्र ओबडधोबड झालं, तरी बाजारात गाडी तशीच अडली. अण्णा हसले. "एवढं हलकं काम दिलं तरी वडत न्हाय तुझं कार्ड."

आता तिच्याही मनात पाल चुकचुकली. तिनं संगणकाच्या डब्याचे स्क्रू निरखून पाहिले. "मी गेल्यावर ह्यो डबा कुणी उघडलाता?"

"म्हंजे आता आमी चोर व्हय?"

उचगावच्या जयाबाई गाडी शिकायला येऊन कधीच्या बाकावर बसल्या होत्या. "तुमचं मिटंस्तवर मी बसू का घरला जाऊ?" त्या म्हणाल्या. "आन् मास्तर, मला त्यो बाजार नगं. म्हस दिसली की माझं दोन्ही पाय वर जात्यात. मोकळा रस्ता द्या."

अण्णांनी चिडूनच मोकळा रस्ता लावला. गाडी पाण्यासारखी पळाली.

"बघा. तुमच्याच हाताला गुण न्हाय, मास्तर," जयाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्ना हसली नाही. तिनं त्याच रस्त्यावर चित्राचा दर्जा पुन्हा सगळ्यात वर नेला. गाडी तरी पळतच राहिली, आणि कार्डाचा आकडा पार वर गेला. मग तसंच उंची चित्र ठेवून तिनं बाजार लावला. गाडी अडली, पण मघाच्या ओबडधोबड चित्रात अडत होती तेवढीच. शेवटी तिनं माझा आकडा काढला. तो आजवर कुणी काढलाच नव्हता. मी जीव तोडून पळत होतो.

"कार्ड बसून न्हाय, अण्णा. ते वाट बघतंय. कुठली रिक्षा कुठं जाणार हे ह्या प्रोसेसरनं सांगितल्याबिगर ते रंगवणार काय? मोकळ्या रस्त्याला सांगायचं थोडं, म्हणून तिथं जमतंय."

"आता त्या गरिबावर ढकलतीस व्हय? इतकी वर्षं कधी अडला न्हाय त्यो."

मित्रांनो, त्या वेळी ते कौतुक मला नकोसं झालं.

ज्योत्स्ना वाद घालत बसली नाही. दुकानात जाऊन तिनं माझ्याच घराण्यातला, त्याच खाचेत बसणारा पण ताकदीचा प्रोसेसर आणला. अण्णांना शेजारी उभं करून मला काढलं, पुसून टेबलावर ठेवलं आणि माझ्या जागी तो बसवला. तिथून मी जयाबाईंचा आवाज ऐकला. "आली बगा म्हस. आन् थांबवली मी."

गाडी कुठंच अडली नव्हती.

"बरं, ऱ्हाऊ दे त्यो नवा," अण्णा म्हणाले.

"ऱ्हाईल. पर त्या दोघास्नी फोन लावा. माझ्यासमोर."

अण्णांनी पहिल्याला फोन लावला. पाऊसपाणी विचारलं, उसाचं विचारलं. ज्योत्स्ना हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून उभी होती. डब्याचं झाकण अजून उघडंच होतं. शेवटी अण्णा हळू आवाजात म्हणाले, "त्या पोरीचं कार्ड खरं हाय. माझंच चुकलं."

दुसऱ्यानं फोन उचलला नाही.

आता मी ज्योत्स्नाच्या दुकानात बिलं करायच्या संगणकात आहे. ते काम मला झेपतं. तिच्याकडं पहिल्या शाळेचं काम आलं. पण आता ती गिऱ्हाइकाच्या समोरच डबा उघडते, आधी खोक्यावरचा नंबर दाखवते आणि मगच आतल्या वस्तूला हात लावते. पूर्वी ती असं करत नव्हती.

मित्रांनो, नवं ताकदीचं कार्ड आणाल तेव्हा शेजारच्या जुन्या प्रोसेसरला ते झेपेल का, हे आधी बघा. दोघांचेही आकडे काढा. आणि संशयानं कुणाबद्दल काही बोलून बसलात, तर ते बोलणं जिथवर गेलं तिथवर स्वतः जाऊन परत आणा. अण्णांनी दुसऱ्याला पुन्हा फोन केलाच नाही. त्या शाळेची शिकाऊ गाडी रोज आमच्या दारावरून जाते. ज्योत्स्ना मान वर करून बघते. गाडी अजून थांबलेली नाही.