दुसरा पांढरा ड्रेस

मी टोस्टचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. चौकोनी, गुडघ्याएवढा उंच, झाकण जरासं वाकडं. डहाणूच्या एका पत्रेवाल्याने मला कातरून, ठोकून, कडांना डाख देऊन बनवलं. पहिली काही वर्षं मी उधव्याच्या एका दुकानात टोस्ट आणि खारी पोटात घेऊन ऐटीत उभा होतो. मुलं माझ्याकडे बोट दाखवून हट्ट करायची. तेवढंच माझं कौतुक. २०१४ साली दुकानदाराने प्लॅस्टिकच्या बरण्या आणल्या आणि मला नवशीला देऊन टाकलं. नवशी जवळच्या पाड्यावर राहायची, मोलमजुरीला जायची. तिने माझ्यात रेशनचा तांदूळ भरला.

दोन वर्षांनी तिची मुलगी वर्षा बारावी पास झाली. तिने मला आईकडून मागून घेतलं, आतून ओल्या फडक्याने पुसलं आणि उन्हात ठेवलं. कासा गावात एक संस्था मुलींना रुग्णसेविकेचं काम शिकवायची. शिकवणं फुकट, पण पोशाख आपला आपण करायचा होता. पुढच्या जूनमध्ये वर्षाचा नंबर लागणार होता. म्हणून तिने वर्षभर आधीच कपड्यांचा हिशेब मांडला.

मित्रांनो, असा विचारी हिशेब मी दुकानातही पाहिला नव्हता. कासाच्या बाजारात ती तीन वेळा नुसते भाव विचारायला गेली आणि रिकाम्या हाताने परतली. तयार ड्रेस महाग पडतो, कापड घेऊन शिवला तर स्वस्त पडतो, हे तिने शोधलं. स्वेटर खोडला, कारण आईची जुनी शाल होती. नवी ओढणी खोडली. पण पांढरे ड्रेस दोन हवेतच, यावर ती अडून बसली. एक अंगावर, एक दोरीवर. दोन ड्रेस आणि बूट मिळून चौदाशे रुपये. चिकूच्या बागेत फळं निवडायला जाऊन ती मजुरी घरात द्यायची आणि त्यातले वीस-तीस रुपये आईच्या परवानगीने माझ्यात टाकायची. त्या वर्षी दिवाळीतही तिने स्वतःला काही घेतलं नाही. एप्रिलमध्ये चौदाशे पुरे झाले. त्या दिवशी माझं झाकण लावताना ती हसली होती.

त्याच महिन्यात तिचा भाऊ रूपेश याचं लग्न निघालं. शेजारच्या हिरूकाकीने ठरवलं की पाड्यावरच्या सगळ्या बायांनी एकसारख्या पिवळ्या साड्या नेसून वरातीत नाचायचं. साडीमागे साडेचारशे रुपये. आता सगळीकडे तशीच रीत झाली होती. घरातले पैसे मांडवात आणि जेवणात गेले होते. नवशी दोन दिवस माझ्याकडे बघायची आणि दुसरीकडे वळायची. तिसऱ्या दिवशी ती वर्षाजवळ येऊन बसली.

"एका दिवसाची साडी आहे, मला कळतं," ती म्हणाली. "पण सगळ्या बाया पिवळ्या साडीत, आणि नवरदेवाची आई एकटी जुन्या लुगड्यात. मला नाही उभं राहवणार, वर्षा."

"मग तुझी घे. माझी नको."

"नवरदेवाची बहीण वेगळी दिसली तर लोक मलाच बोलतील."

वर्षाने स्वतःच झाकण उघडलं. नऊशे रुपये काढून आईच्या हातात दिले. जूनच्या आधी भरून देऊ, असं नवशीने मनापासून सांगितलं. पण लग्नानंतर बागेचं काम थांबलं आणि माझ्यात काही पडलं नाही.

उरलेल्या पैशांत एक ड्रेस झाला. बूट वहिनीचे, बोटाने मोठे. वर्षा रोज जीपने कासाला जायची, परत आली की ड्रेस धुवायची आणि चुलीवर दोरी बांधून वाळत घालायची. पहिले काही दिवस निभावले. मग जुलैचा पाऊस लागला. पंधरा दिवस ऊन नाही. कापड धुराने पिवळट झालं, आणि वाळेना. ती तसाच दमट ड्रेस घालून जायची. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. ओल्या कपड्यात रुग्णाजवळ जायचं नसतं, दुसरा घालून ये, असं त्या हळूच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. वर्षा दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, कफाने छाती भरली. बऱ्याच दिवसांनी ती उठून कासाला गेली तेव्हा तिचं नाव कमी झालं होतं. तिच्या जागी दुसरी मुलगी बसली होती.

ती घरी आली, भिंतीकडे तोंड करून बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती गुजरातच्या हद्दीपलीकडे एका कंपनीत लागली. तिथे प्लॅस्टिकची झाकणं मोजून पिशव्यांत भरायची. तिथे निळा एप्रन कंपनीच देते, आत काय घातलंय ते कुणी बघत नाही.

दिवाळीला नवशीने पांढरं कापड आणलं. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे होते. शिवून आणलेला ड्रेस तिने लेकीच्या मांडीवर ठेवला.

"आता तरी घाल," ती म्हणाली.

"कुठे घालून जाऊ, आये?"

वर्षाने ड्रेसची नीट घडी घातली आणि माझ्यात ठेवली. मी तो जिवापाड सांभाळीन, असं मला वाटलं होतं. पण मी पत्रा आहे. २०१९च्या पावसाळ्यात माझ्या तळाला ओल धरली, गंज फुटला. वर्षाने झाकण उघडलं तेव्हा ड्रेसच्या छातीवर तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. तिने साबण लावून दोनदा चोळला. मग सावकाश फाडून त्याची फडकी केली. त्यातल्याच एकाने तिने मला पुसलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कपड्यांसाठी पैसे बाजूला ठेवत असेल, तर त्याला हौस म्हणून सोडून देऊ नका. कशासाठी, एवढं जवळ बसून विचारा. आणि दुसऱ्याच कशासाठी कुणी झाकण उघडायला लागलं, तर त्याचा हात धरा. मला हात नव्हते.