मांडवावरची जाळी

थंडी सरली, द्राक्षात साखर भरली, तशी प्रतिभाताईंची बुलबुलांवरची माया आटली. ज्या जोडीसाठी हिवाळाभर परसात पाणी ठेवलं, शेजारणींना बोलावून दाखवलं, तीच आता वेलाच्या मांडवावर घिरट्या घालते म्हणून चोर ठरली. ताईंनी पिंपळगावहून जाळी आणवली आणि मांडव चहूबाजूंनी बंद करून टाकला. दोन दिवस बुलबुल जाळीवर बसून ओरडत होते. "मेले हावरट," म्हणत ताई टाळ्या वाजवून त्यांना हाकलत राहिल्या. मग सगळं शांत झालं.

होळीच्या आदल्या दिवशी शेजारच्या सविताबाई आल्या. "यंदा एकही मणी टोचलेला नाही हो. जमलं बाई तुम्हाला."

ताई खुशीत त्यांच्यासाठी घड कापायला जाळीखाली शिरल्या. पानं बाजूला सारली, तर आत वाटीएवढं घरटं, आणि त्यात चोची उघड्या ठेवूनच वाळलेली पिल्लं. बरोबर वर, जाळीच्या भोकांत, आईबापांनी आणलेल्या अळ्या अडकून राहिल्या होत्या.

"काय झालं हो?" बाहेरून सविताबाईंनी विचारलं.

ताईंना मान वळवून त्यांच्याकडे बघवेना. "काही नाही, हा घड किडका निघाला," त्या म्हणाल्या आणि पानं पुन्हा घरट्यावर ओढली.