ओळंब्याचा तासलेला गुटका

मित्रांनो, हत्यारांच्या पेटीत थापी आणि पाणसळीखाली दोरी गुंडाळून पडलेला हा पितळी लोळा म्हणजे मी, एक जुना ओळंबा.

लेथवर मला कातले गेले आणि माझ्या दोरीत एक लाकडी गुटका ओवला गेला. गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. भिंत सरळ असेल, तर मी तिला जेमतेम स्पर्श करतो. माथा बाहेर झुकला असेल, तर मी तिच्यापासून दूर लटकतो. याहून अधिक मला बोलता येत नाही.

माझा मालक नामांकित गवंडी होता. प्रार्थनेच्या वेळी देवाचे वचन वाचून दाखवण्याचा मानही त्याचाच. त्याचा आवाज गोड होता. लोक ऐकत आणि घरी जात. त्याची थोरली बहीण, आक्का, मात्र ते वचन आजच सकाळी आलेल्या निरोपासारखे ऐकत असे. “न्यायाआधी देव ताकीद देतो, हीच त्याची दया,” असे ती म्हणे. कामगारांनी तिचे नाव ‘काळी जीभ’ ठेवले होते.

प्रार्थनागृहाला लागून मुलांच्या वर्गाची भिंत उभी राहिली. एका दुपारी आक्का गवंड्याचा डबा घेऊन आली आणि माझ्याकडे पाहून थबकली.

“धाकट्या, हा भिंतीपासून बोटभर लांब का लटकतोय?”

“वारा आहे, आक्का.”

“वारा? समोर वाळत घातलेलं धुणं तर हलत नाहीये!”

कामगार खुदकन हसले. गवंडी चिडला. “तुझं आपलं रोजचंच! न्याय येतो, न्याय येतो. कधी येणार ते तरी सांग! इतक्या वर्षांचं नाव आहे माझं. आता भिंत उतरवली, तर तोंड कुठे लपवू?”

“अजून वेळ दिलाय देवानं. तेवढ्यात उतरव.”

त्याने भिंत उतरवली नाही. त्याने रंधा घेतला आणि माझा गुटका बोटभर तासला. दोरी भिंतीकडे सरकली. प्रार्थनागृहाच्या समितीची मंडळी भिंत पाहायला आली, तेव्हा मी भिंतीला अगदी अलगद टेकलो. अध्यक्ष म्हणाले, “वा! ओळंबा कधी खोटं बोलत नाही!” माझ्या उभ्या आयुष्यातील ती सर्वांत मोठी स्तुती. मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीत रुतून जावेसे वाटले.

वर्ग सुरू झाला. मुलांना शिकवायला आक्काच होती. तिने त्या भिंतीलगत स्वतःचे बाक ओढले आणि मुलांना पलीकडच्या बाजूला बसवले. तिथे ती रोज एकटी बसू लागली.

पुढच्या प्रार्थनेला गवंड्यासमोर जे पान आले, त्यात इशारा हसण्यावारी नेणाऱ्या लोकांची हकीकत होती. वाचता वाचता त्याची नजर उघड्या दारातून वर्गात गेली. मुले पलीकडे, आणि ज्या बहिणीने त्याला लहानाचे मोठे केले, ती त्याच्या भिंतीखाली. त्याने वाचणे थांबवले. खिशातून त्याने मला गुटक्यासकट बाहेर काढले.

“हा गुटका मी तासलाय. भिंत वाकडी आहे. आधी सगळे बाहेर चला.”

त्याची मान वर होत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हातांनी भिंत उतरवायला घेतली. बघ्यांपैकी एकाने टोमणा मारला, “काय आक्का, भिंत तर पडलीच नाही! तुमचं भाकीत खोटं ठरलं की!”

आक्का विटा रचत होती. “खोटं ठरावं म्हणूनच तर घसा कोरडा करत होते, बाबा.”

नव्या भिंतीसाठी नवा गुटका आला. तासलेला जुना गुटका मात्र गवंड्याने टाकू दिला नाही. तो अजून माझ्याच दोरीला बांधलेला आहे. पेटी उघडली, की गवंड्याची नजर आधी त्या गुटक्यावर जाते आणि खाली वळते. माझीही तीच गत आहे.

मित्रांनो, देवाचे वचन ऐकताना आपण त्यापासून दूर उभे आहोत असे दिसले, तर रंधा शोधू नका. आधी वाळत घातलेल्या धुण्याकडे पाहा. वारा नसेल, तर भिंत उतरवायला घ्या.