जाड्या पोलिसाचा आवाज

दुपारचा खेळ सुटला तेव्हा तडतड्या थिएटरच्या जिन्याखाली वही उघडून उभा होता. पोट थोडं सुटलेलं, डोक्यावर विरळ केस, कानावर पेन. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शिरगणतीला आलेला मास्तर वाटला असता. पण जिन्यावरून उतरणाऱ्या त्या चारेकशे माणसांनी नुकतेच दोन तास त्याचंच बोलणं ऐकलं होतं. पडद्यावरचा बारका पोलीस बडबडतो, पळतो, विनोद करतो, मार खातो, तो सगळा आवाज याचा.

बाहेरच्या देशातले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे, हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. तोंडाला खळ नाही म्हणून स्टुडिओत कुणीतरी त्याला तडतड्या म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. या सिनेमात पोलिसांची जोडी होती, एक जाड्या आणि एक बारका. पहिल्या दोन भागांत जाड्याचा आवाज खर्जचा होता. खर्ज म्हणजे तडतड्याचा जिवलग मित्र. अंगानं काडी, पण बोलायला लागला की समोरच्या टेबलावरचा पेला थरथरायचा. काडी माणसानं जाड्याला आवाज द्यायचा आणि पोटवाल्यानं बारक्याला, याच्यावरून स्टुडिओत नव्यानं येणारा प्रत्येक जण एकदा तरी फसायचा.

बाकीचे कलाकार एकेकटे येऊन आपापली वाक्यं बोलून जायचे. हे दोघं मात्र हट्टानं एकाच माईकसमोर उभे राहायचे. आणि पहिल्या दिवशी खेळ सुटला की दोघं मिळून याच जिन्याखाली थांबायचे, लोक काय म्हणतात ते ऐकायला. खर्जला तेव्हा तोंड बंद ठेवावं लागायचं. दुसऱ्या भागाच्या वेळी तो चुकून "जरा सरका हो" म्हणाला, तर एक आजीबाई गर्रकन वळल्या आणि "अगंबाई, तूच की रे तो!" म्हणत त्याचा हात धरून बसल्या. जाड्याची तीन वाक्यं म्हणून दाखवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

मग खर्जच्या घशाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशन झालं. गळ्याला श्वास घ्यायला एक भोक राहिलं, त्यावर पातळ रुमाल आला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यानं दिलं होतं. खर्जनं ते एकदाच लावून बघितलं. आतून असा काही घर्रघर्र आवाज आला की त्याची बायको नको तेव्हा हसली, आणि हसल्यावर तोंडाला पदर लावून रडली. यंत्र कपाटात गेलं आणि हातात पाटी आली. शुद्धीवर आल्यावर त्यानं तडतड्याला पहिलं काय लिहून दाखवलं असेल? "तिसरा भाग कोण करणार?"

तडतड्यानं स्टुडिओत रेकॉर्डिंग बघणाऱ्या बाईंना साफ नाही म्हणून सांगितलं होतं. आठवडाभर फोन उचलला नाही. शेवटी खर्जनंच पाटीवर लिहिलं, "तू नाही केलंस तर दोघांचाही आवाज गेला असं होईल. कर." मग त्यानं केलं.

जाड्यासाठी नवा माणूस आला. शाळेत भूगोल शिकवणारा, पस्तिशीचा, नाटकात कामं करणारा. तडतड्यानं ठरवलं होतं की याच्याशी कामापुरतं बोलायचं. दोन दिवस त्यानं नुसतं हूं-हां केलं. तिसऱ्या दिवशी तो प्रसंग आला. खऱ्या चोराला पकडण्यासाठी दोघं पोलीस स्वतःच बँकेची तिजोरी फोडायला जातात, पहारेकरी येतो म्हणून एकाच लोखंडी कपाटात लपतात, आणि जाड्याला उचकी लागते. मास्तरनं अशी काही उचकी काढली की तडतड्याला हसू आवरेना. मास्तरही सुटला. दोघं माईकला धरून इतके हसले की बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं, पण तोवरचं हसणं सिनेमात तसंच ठेवलं. घरी जाताना तडतड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खर्जचं दुखणं निघाल्यापासूनच्या आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच मनापासून हसला होता.

आणि आता सिनेमा लागला होता. आदल्या दिवशी खर्जनं पाटी पुढे केली होती. "लोक काय म्हणतात ते ऐकून ये. पेपरातलं नको. जिन्याखालचं आण."

म्हणून तो उभा होता.

"कसा वाटला सिनेमा?" दोन मुलांना हाताशी धरून उतरणाऱ्या एकाला त्यानं विचारलं.

"पैसे वसूल! तिजोरी उघडते ना, तेव्हा हा धाकटा खुर्चीवर उभा राहिला. मागचे ओरडत होते."

"अडीच मिनिटांत तिजोरी फोडतात?" एक ऑफिसातली बाई तोंड वाकडं करून म्हणाली. "आमच्या ऑफिसचं फायलींचं कपाट उघडायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण बघण्यासारखा आहे. टाइमपास."

एक निवृत्त गृहस्थ चिडलेलेच होते. "किती गाड्या उडवाल? जमिनीवरून चालवा की एखादी! पहिला भाग तो पहिला भाग. त्यात निदान गोष्ट होती."

तडतड्या भराभर लिहून घेत होता. मग त्यानं धीर केला. "आणि आवाज? जाड्याचा?"

"त्याचं काय?"

"बदललाय."

गृहस्थांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "काहीतरीच काय! तोच आहे. मी तिन्ही भाग बघितलेत."

त्यानं पुढच्याला विचारलं. त्याच्या पुढच्याला विचारलं. सव्वीस माणसं झाली. एक जण म्हणाला, जाड्याला थोडी सर्दी झाल्यासारखी वाटली. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, या वेळी जाड्या जास्त गोड आहे. बाकी कुणाच्या गावीही नव्हतं. सगळ्यात शेवटी एक नवराबायको उतरले. नवरा म्हणाला, "मारामारी वगैरे ठीक आहे हो. मजा त्या दोघांची आहे. कपाटात हसतात ना, तिथे तर मी मेलो."

"खरंच," बायको म्हणाली. "आवाज देणारे ते दोघं जण खऱ्या आयुष्यातही जिवलग असणार. नाहीतर असं जमत नाही."

तडतड्याचं पेन थांबलं. "हो," तो म्हणाला, "असतील."

जिना रिकामा झाल्यावर तो पायरीवर बसला. वहीचं ते पान त्यानं टराटरा फाडलं, चुरगळून खिशात घातलं, आणि कोऱ्या पानावर नवी मतं लिहायला घेतली. वाक्यं बनवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. वीस मिनिटांत पान भरलं.

तडतड्या घरी पोचला तेव्हा खर्ज खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. वहिनी भाजी निवडता निवडता उठून आत आल्या. "भावजी, आधी वाचा. सकाळपासून यांचं कशात लक्ष नाही."

तडतड्या वाचायला लागला. "एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, जाड्या तोंड उघडतो आणि कळतं की हा आपला जाड्या नाही. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, आधीचा आवाज ऐकला की कसं कुणीतरी पाठीशी आहे असं वाटायचं. एक आजीबाई तर मध्येच उठून आल्या. म्हणाल्या, माझा तो कुठे गेला?"

वहिनींनी डोळे पुसले. खर्ज डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्यानं पाटी ओढली. "आजीबाई कशा होत्या दिसायला?"

"पांढरे केस. चष्मा. काठी होती हातात."

"आणि म्हातारे?"

"असे... उंच. टोपी घातलेले."

खर्जनं सदऱ्याच्या खिशातून सिनेमाचं अर्धं फाटलेलं तिकीट काढलं आणि पाटीवर ठेवलं. सकाळच्या खेळाचं.

"अहो! तुम्ही तर दवाखान्यात जातो म्हणाला होतात," वहिनी म्हणाल्या.

त्यानं पाटी पुसून लिहिलं, "जिन्याखाली मीही उभा होतो. विचारता आलं नाही. ऐकता येतं. कुणालाच कळलं नाही." पुन्हा पुसून, "खोटं का?"

"तुला बरं वाटावं म्हणून," तडतड्या म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "दुसरं काय सांगणार होतो मी?"

खडू जोरात चालू लागला. "कपाटातलं हसणं खरं होतं." खडू मोडला. खर्जनं उरलेल्या तुकड्यानं लिहिलं, "तुझं खोटं हसणं मला कळतं. खरं पण कळतं. तू माझ्याबरोबर हसायचास तसा त्याच्याबरोबर हसलास."

"अरे, उचकी होती... ते हसणं बाईंनी कापायला हवं होतं, मी म्हणालो होतो..."

तसं तो म्हणाला नव्हता. खर्जनं पाटीवर एकच अक्षर लिहिलं. "जा."

"असं काय करता," वहिनी पुढे झाल्या. पण खर्जनं खुर्ची खिडकीकडे फिरवली होती. बावीस वर्षांत त्यांची भांडणं कमी झाली नव्हती. पण तेव्हा खर्ज ओरडायचा, भिंती हादरायच्या आणि तासाभरात सगळं निवायचं. या भांडणात एकाच माणसाचा आवाज होता आणि त्याच्याकडेच बोलायला काही नव्हतं. तो चपला घालून निघाला.

तीन आठवडे तो गेला नाही. सिनेमा जोरात चालला. स्टुडिओत बाईंनी पेढा पुढे केला, तो त्यानं हातातच ठेवला. मास्तर भाबडेपणानं म्हणाला, "मला एकदा त्यांना भेटायचंय हो. त्यांचे दोन्ही भाग मी पाठ केलेत. तसंच करायचा प्रयत्न केला." तडतड्यानं कामाचं निमित्त काढून त्याला टाळलं.

मग खर्जच्या मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही या. बाबांनी पाटी माळ्यावर टाकून दिलीये. आईशी नाही, माझ्याशी नाही. जेवायला बोलावलं तर येऊन जेवतात आणि जाऊन बसतात."

तो तसाच निघाला. खर्ज खिडकीपाशीच होता. तडतड्यानं समोर स्टूल ओढलं आणि बसला. येताना रस्ताभर त्यानं काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण तिथे बसल्यावर त्यातलं काहीच त्याला खरं वाटेना. घड्याळ चार वाजल्याचं दाखवत होतं, मग साडेचार. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढून घेतले. बाहेरच्या खोलीत मुलगी आणि वहिनी कान देऊन बसल्या होत्या.

पाच वाजायच्या सुमारास खर्जचे ओठ हलले.

आवाज नव्हता, नुसती हवा. पण तडतड्यानं बावीस वर्षं पडद्यावरच्या परक्या माणसांच्या ओठांकडे बघत पोट भरलं होतं. ओठ कधी मिटतो, कधी उघडतो, कुठलं अक्षर कुठे बसतं, हे त्याला झोपेतसुद्धा कळलं असतं. तो पुढे वाकला. "पुन्हा म्हण."

खर्जनं पुन्हा ओठ हलवले, सावकाश.

"मला पण," तडतड्या मोठ्यानं म्हणाला. "मला पण नाही... कळलं?"

खर्जनं मान हलवली. पुढचं तो अडखळत, थांबत बोलला, आणि तडतड्या एकेक शब्द उचलत गेला. "अंधार झाला. मी डोळे मिटले. जाड्या बोलायला लागला. दहा मिनिटं..." तडतड्या थांबला. पुढचं त्याला कळलं होतं, पण म्हणवत नव्हतं. खर्जनं त्याच्या गुडघ्यावर बोट आपटलं. म्हण.

"दहा मिनिटं मला वाटलं, मीच बोलतोय."

खर्जचा चेहरा वाकडातिकडा झाला. तो रडत होता, पण रडण्याचा आवाज नव्हता. गळ्यावरचा रुमाल तेवढा भराभर आतबाहेर होत होता. तडतड्यानं त्याचे खांदे धरले. तोही रडला, आणि त्याचं रडणं पार बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. वहिनी दारात आल्या, दोघांना बघून तशाच परत फिरल्या.

बऱ्याच वेळानं खर्जनं नाक पुसलं. ओठ हलवले. "चांगला आहे का तो?"

"चांगला आहे," तडतड्या म्हणाला. या वेळी त्यानं खोटं बोलायचा विचारही केला नाही. "तुझे दोन्ही भाग पाठ आहेत त्याला."

"'ळ' बोबडा म्हणतो."

"म्हणतो. भूगोलाचा मास्तर आणि 'वादळ'चं 'वादल' करतो, सगळे 'ळ' 'ल'च."

खर्जच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. ते हसू होतं की नाही, ते मात्र तडतड्याला ओळखता आलं नाही.

त्यानंतर तो दर गुरुवारी जायला लागला. कधी खर्ज बोलायचा आणि तडतड्या ते मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे वहिनींनाही ऐकू जायचं. कधी खर्ज खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि दोन तासांत वळूनही बघायचा नाही. मास्तरला भेटायला आणू का, असं तडतड्यानं एकदा विचारलं. खर्जनं मान हलवली, नाही. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा बाईंचा फोन आला. चौथा भाग येतोय, तडतड्या आणि मास्तर, जोडी तीच हवी, लोकांना आवडलीये. तडतड्यानं फोनवर हो म्हटलं. ते खर्जला सांगायला मात्र त्याला दोन गुरुवार लागले. तिसऱ्या गुरुवारी त्यानं सांगितलं, खाली बघून, एका दमात.

खर्जनं ओठ हलवले नाहीत. तडतड्याच्या हातावर त्यानं नुसता हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला.