बिनदाण्याचं दळण

कामरगावात फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, एकच होता, आणि तो पूनमचंद शेठच्या घरी होता. कापसाला भाव चांगला लागला त्या वर्षी शेठनं तो अकोल्याहून आणला. भोंगा एवढा मोठा, की गाडीतून येताना वाटेतल्या लोकांना वाटलं, शेठनं देवाला वाहायला धोत्र्याचं फूल आणलं. शेठला गाण्याची आवड होती असं कोणी म्हणणार नाही. त्याला फोनो असण्याची आवड होती. ऐकायचं काम त्यानं बायकोकडं दिलं होतं.

बायको म्हणजे अंगुरीबाई. दुपारची जेवणं आटोपली की ती माजघरात बसून तबकडी लावी. त्या माजघराच्या भिंतीला लागूनच प्रयागबाईचं घर. प्रयागबाई ही रामकिसनची माय. घरची शेती, घरचे बैल. ती त्याच भिंतीच्या पलीकडं पहाटे जात्यावर बसे. म्हणजे दुपारी गाणं इकडून तिकडं जाई आणि पहाटे तिकडून इकडं येई. भिंत मातीची होती, दोन्हीकडचं सारखं झिरपू देई. शेठच्या घराच्या दुसऱ्या भिंतीला आमचं घर लागून होतं, त्यामुळं पुढचं सगळं मी भिंतीच्या हवाल्यानं सांगतो आहे.

दोघी परसात भेटल्या की आधी गाण्याची चौकशी व्हायची, मग तब्येतीची.

"काल काय लावलं होतं वं?" प्रयागबाई विचारी.

"पक्कं गानं होतं. मोठ्या गवयाचं."

"पक्कं होतं, मंग इतका येळ काय शिजवून राह्यला होता तो? आ आ आ करून राह्यला बाप्पा. मले वाटलं पोटात दुखते बिचाऱ्याच्या. मी त ओव्याची पुडी काढून ठेवली होती."

"तुले नाही समजत त्यातलं."

"त्याले तरी समजते काय? एकच गोष्ट कितीदा इचारते!"

मग अंगुरीबाईची पाळी. "अन् तुनं आज भावाची ओवी अर्धीच काहून सोडली? मी कान लावून बसली होती."

"जवारीच थोडी होती. भाऊ माह्या दारात यायच्या आंदीच पीठ सरलं."

हे अंगुरीबाईला पटे. तबकडी तरी दुसरं काय करते? तिथंही गवई रंगात आला की तबकडी सरते.

पण अंगुरीबाईचं खरं वाट पाहणं वेगळ्याच ओवीसाठी असे. दळण संपत आलं की प्रयागबाई एक ओवी शेजारणीच्या नावानं म्हणायची:

*माह्या भितीच्या पल्याड शेजी अंगुरी निजली,*
*तिच्या उशापाशी बाई म्या ही ओवी ठेवली.*

निजलेली अंगुरी तेव्हा भिंतीला कान लावून टक्क जागी असायची. एकदा तिनं सांगितलंही, "शेठनं इतक्या तबकड्या आनल्या, पन एकीतही माह्यं नाव नाही. तुह्या जात्यात हाय."

असं बरं चाललं होतं. मग गावात चक्की आली.

चक्कीचं इंजन टुक-टुक करत धुराची वेटोळी सोडी आणि अख्खं पोतं खाऊन पीठ ओकी. रामकिसनला ती बघून आईचे हात आठवले. मुलगा मायेचा. त्याच दिवशी ज्वारी दळून आणली, पिठाचा डबा आईसमोर ठेवला आणि म्हणाला, "माय, आजपासून तुले जातं बंद. लय दळलं तुनं." नुसतं बोलून थांबणाऱ्यातला तो नव्हता. आईनं चोरून दळू नये म्हणून जात्याची वरची तळी उचलून त्यानं न्हाणीत नेऊन टाकली, टाचा घासायला. गल्लीतल्या बायका आपापल्या मुलांकडं रोखून पाहू लागल्या. माझ्या आईनंही माझ्याकडं पाहिलं. मी अभ्यासाला बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगुरीबाईनं भिंतीला कान लावला, तर पलीकडं कोणी नुसतं कुशीवर वळत होतं.

परसात भेट झाल्यावर ती म्हणाली, "दळन नसन त नसो. गानं त म्हन."

"येत नाही वं."

"काहून? तोंड त तेच हाय."

"तोंड तेच हाय, पन हात फिरल्याशिवाय ते उघडतच नाही. पहाटी उठून बसली, भावाले आठवलं, माह्येर आठवलं. सगळं गळ्यापर्यंत येते अन् तिथंच बसते. अपचन झाल्यावानी वाटते."

आता जात्याशिवाय ओवी येत नाही हे गावातल्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं. ओवी माणसाच्या पोटात नसते, दोन दगडांच्या मध्ये असते. पण अंगुरीबाईच्या घरात फोनो होता, त्यामुळं यंत्र वळवलं की गाणं निघतंच अशी तिची समजूत झाली होती. तिनं प्रयोग सुरू केले. पहिल्यांदा प्रयागबाईला रिकामी परात फिरवायला दिली. परात वाजली, प्रयागबाई नाही वाजली. मग ताक घुसळायला बसवलं. त्यात ओवी थोडी आली, पण रवीचा दोर जसा पुढं-मागं जातो तशी ती पुढं आली आणि मागं गेली. ताक मात्र चांगलं झालं.

"मंग रामकिसनले सांग ना, तळी परत आन म्हनून," अंगुरीबाई म्हणाली.

"कशी सांगू? अख्ख्या गावात त्याचं नाव झालं. लेकानं सुख देल्लं, ते मी त्याच्याच हातात वापस देऊ काय?"

"मंग माह्या घरी ये, आमचं जातं हाय."

हे बोलून अंगुरीबाईनंच जीभ चावली. तिच्या घरी चक्कीचं पीठ चालत नसे, सोवळ्याचं ताजं पीठ लागे. पण ते दळायला हिरीबाई मजुरीवर येई. तिथं प्रयागबाई बसली असती तर संध्याकाळच्या आत गाव म्हणालं असतं, की रामकिसननं घरचं जातं मोडलं आणि आईला लोकांच्या दळणाला लावलं. हिरीबाई स्वतः गात नसे. ती जात्याशी भांडत असल्यासारखी दळायची.

महिनाभरात प्रयागबाई अबोल झाली. रामकिसनला वाटलं, आराम अंगी लागतो आहे.

शेजारणीकडं फोनो ऐकायला जाण्यात मात्र कमीपणा नव्हता. म्हणून अंगुरीबाई तिला दुपारी बोलावू लागली. एके दुपारी अंगुरीबाई पापड लाटत होती, हात पिठानं भरलेले, आणि गवई मध्येच आवाज जाड करत करत झोपी गेला. चावी संपली होती.

"तेवढी चावी दे वं प्रयागबाई. ते पेटीच्या कुशीले वाकडी दांडी हाय ना, ते फिरव."

प्रयागबाई पेटीजवळ बसली. बसताना तिचा एक पाय आपोआप लांब पसरला. तिनं दांडी धरली. एक वेढा दिला, दुसरा दिला. आणि तिसऱ्याला तिच्या तोंडून ओवी निघाली.

अंगुरीबाईच्या हातातलं लाटणं घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं. भाऊ माहेराहून निघाला, नदी ओलांडली, शिवेवरच्या बाभळीखाली बैल सोडले, आणि तेवढ्यात चावी भरली. दांडी अडली. ओवी अडली. भाऊ बाभळीखालीच राहिला.

"आता?" प्रयागबाई दांडीकडं पाहत म्हणाली.

"आता गवयाले गाऊ दे. त्याचं सरलं की चावी उतरते."

तेव्हापासून त्या थोर गवयाला कामरगावात निश्चित काम मिळालं. त्यानं आ आ करून स्प्रिंग ढिली करायची. दोघी तोवर सुपारी कातरत. त्याचं आटोपलं की प्रयागबाई चावी देई आणि भाऊ पुढं सरके. "लवकर आटप गा," असं ती त्याला मध्येमध्ये सांगेही. शेठ दुकानातून घरी येताना फोनोचा आवाज ऐके आणि समाधान पावे, की पैसा वसूल होतो आहे.

पण एक दिवस भाऊ अगदी अंगणात आला. बहीण पाय धुवायला तांब्या घेऊन निघाली. दांडी जड झाली तरी प्रयागबाईला थांबवेना. इतक्या दिवसांनी भाऊ दारात, त्याला काय परत बाभळीखाली पाठवायचं? तिनं जोर लावला. जात्यावर घट्टे पडलेले हात ते. पेटीच्या पोटात काडकन् आवाज झाला आणि आत काहीतरी सळसळत सुटलं.

प्रयागबाईनं हात मागं घेतला. तोंड पांढरं पडलं. "मोडलं मी! अंगुरी, तुह्या घरधन्याचं मशीन मोडलं मी! आता मी इथं पायच ठेवत नाही. मले आता कुठंच गानं नाही."

ती पदर तोंडाला लावून उठली. अंगुरीबाईनं तिला थांबवलं नाही, कारण ती दांडी फिरवून पाहत होती. दांडी फिरली. आणखी फिरली. फिरतच राहिली.

"प्रयागबाई," ती म्हणाली, "हे पाह्य. आता अडतच नाही."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग प्रयागबाई पाय पसरून पुन्हा बसली आणि भावाचे पाय धुतले.

त्यानंतर शेठच्या घराच्या दोन्ही भिंतींतून दुपारभर ओव्या येऊ लागल्या. गवयाला सुट्टी मिळाली. स्प्रिंग तुटल्याचं अंगुरीबाईनं नवऱ्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही, मग सांगायचं कशाला, असा तिचा हिशेब. पण एक दिवस कारंज्याहून तिचा भाऊ कैलासचंद आला. ओसरीवर बैठक बसली. रामकिसनही कापसाचा भाव विचारायला आला होता, तो खांबाला टेकून बसला. आणि शेठनं पाहुण्यासमोर आत हाक मारली, "अहो, जरा फोनो लावा! चांगली तबकडी लावा!"

आत दोघी दचकल्या. मधे फक्त पडदा.

"सांगून टाक वं," प्रयागबाई कुजबुजली. "मी मागच्या दारानं जातो."

"कुठं चालली? बस."

"बाहीर मानसं हायत!"

"त्याइले फोनो ऐकाचा हाय. चावी दे."

प्रयागबाईनं डोळे मिटून दांडी धरली. पहिला आवाज कापरा निघाला, मग दांडीला लय आली आणि तिला बाहेरचं भान राहिलं नाही. बाहेर कैलासचंदनं अडकित्ता खाली ठेवला.

"जिजाजी, हे तबकडी कोन्ती? कारंज्यात नाही आली अजून!"

शेठला आपल्याकडं कोणकोणत्या तबकड्या आहेत ते कधीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "नवीन हाय." तेवढ्यात आतून आलं:

*लेक माहा रामकिसन, त्याची मया लय मोठी,*
*हात माहे सुटले बाई, ओवी अडली वं ओठी.*

रामकिसन खांबापासून सरळ झाला. आयुष्यभर आई पहाटे गायची तेव्हा तो झोपलेला असे. आपलं नाव ओवीत असतं, हे त्याला आज, कापसाचा भाव विचारता विचारता कळलं.

"शेठजी," तो म्हणाला, "हे त माही मा..."

शेठ उठून पडद्याआड डोकावला. भोंगा भिंतीकडं तोंड करून उभा. सुई वर. तबकडी नाहीच. पेटीशी पाय पसरून प्रयागबाई दांडी फिरवते आहे आणि त्याची बायको भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली आहे. इतका महाग फोनो घेतल्यापासून तिचा असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. तो परत येऊन बसला. 

"विकत भेटन काय?" कैलासचंदनं विचारलं.

"नाही," शेठ म्हणाला. "हे घरचीच हाय. ऐका चुपचाप."

रामकिसन मात्र ऐकायला थांबला नाही. तो तडक घरी गेला, न्हाणीतून ती तळी उपसून काढली आणि खांद्यावर घेऊन आला. प्रयागबाई मागच्या दारानं बाहेर पडली तेव्हा तो परसात उभा, घामानं भिजलेला, मानेवर दगड.

"माय, हे घे. मले समजलं नाही. दळ तू, पाह्यजे तेवढं दळ."

प्रयागबाईनं दगडाकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं.

"ठेव बापा न्हाणीत वापस."

"काहून?"

"कंबर दुखते माही दळून दळून. चक्की हाय ना गावात."

"मंग ते ओवी? ते ओठी अडली म्हनत होती ना तू?"

"अडली होती. आता सुटली ना." ती थोडं चालली आणि थांबली. "आनखी कोनती ऐकली तू?"

"तेवढीच."

"तुह्या लायनपनची राह्यली मंग. तुले गोवर झाला होता तवाची. चांगली हाय ते." आणि दगडाकडं हात करून म्हणाली, "खाली ठेव आंदी, मान मोडन."

शेठनं फोनो दुरुस्तीला पाठवला नाही. कोणी विचारलं तर म्हणे, अकोल्याचा मिस्त्री बरा नाही. तबकड्या अंगुरीबाईनं ताकाच्या गाडग्यांवर झाकायला घेतल्या. मधलं भोक भिजलेल्या पिठानं बुजवलं, आणि त्यासाठी मुद्दाम प्रयागबाईकडून चक्कीचं पीठ मागून आणलं. त्याचा एवढा एक उपयोग त्या घरात झाला.

त्या बैठकीच्या दुसऱ्याच दुपारी रामकिसन शेठच्या ओसरीवर आला. बैल बांधून, हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून आला होता. खांबाजवळ घुटमळला.

"कापसाचा भाव कालचाच हाय गा," शेठ म्हणाला.

"भावासाठी नाही आलो. फोनो ऐकाले आलो."

शेठनं सरकून सतरंजीवर जागा केली. आतून अंगुरीबाईचा आवाज आला, "बसा म्हना. चावी देनं चालू हाय."

आणि पाठोपाठ दुसरा आवाज:

*लाकडाच्या पेटीमंदी नाही जवारीचा दाना,*
*शेजी अंगुरी म्हनते, पीठ पडे माह्या काना.*